मी लिहिलेला तिचा अर्ज

“सांभाळलं ते तुमच्या भाचीनंच हो. हिनं आपली नुसती वही लिहिली.”

तळमजल्यावरच्या काकू हे आईला सांगत होत्या आणि मी जिन्याच्या वळणावर, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन, जागच्या जागी थांबले होते. चपलेचा आवाज होऊ नये म्हणून एक पाय नुसता टेकवलेला. आईनं काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं. ‘नाही हो, तीही रोज येत होती खाली,’ एवढं तरी. आई हसली आणि म्हणाली, “तिला लहानपणापासून वहीच बरी वाटते.”

मी तशीच वर आले आणि पिशवी दाराआड ठेवली. कचऱ्याची गाडी निघून गेली. त्यावरून आईनं संध्याकाळपर्यंत मला ऐकवलं, आणि जिन्यातलं बोलणं मी ऐकलंय हे मी तिला सांगितलं नाही.

काकू आणि काका चार दिवस हैदराबादला लग्नाला गेले होते. त्यांचा कुत्रा सांभाळायची कल्पना माझी. जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी जन्मापासून राहते, पण काकूंच्या दारावर स्वतःहून मी त्या दिवशी पहिल्यांदा थाप मारली असेन. विचारायचं वाक्य जिन्यात दोनदा मनात म्हणून बघितलं होतं. माझी मामेबहीण त्या वेळी आमच्याकडे राहत होती. मंद्रूपला मामांची शेती, शेळ्या, सगळं आहे. ती टायपिंगच्या परीक्षेसाठी सहा महिने माझ्या खोलीत आली होती. मी खाली निघाले तर ती चप्पल घालून मागे आलीच. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिला बोलावणं लागायचंच नाही.

पहिल्या दिवशी कुत्रा खाईना. काकूंनी लिहून दिलं होतं तसं मी ताटलीत दहीभात कालवला, ताटली ठेवली आणि समोर उभी राहून वाट बघू लागले. कुत्रा ताटलीकडे बघेना, माझ्याकडे बघेना. मी वहीत लिहिलं, सकाळी साडेनऊ, काही खाल्लं नाही.

“ताई, त्याच्याकडं बघू नगं,” ती म्हणाली. “त्याला लाज वाटती.”

मग तिनं वरून आपली भाकरी आणि शेंगाची चटणी आणली, कुत्र्याकडे पाठ करून फरशीवर मांडी घातली आणि निवांत जेवायला लागली. मलाही तसंच बसायला लावलं. पाच मिनिटांनी पाठीमागे ताटली सरकल्याचा आवाज आला. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

कुणी बघत असलं की मलाही जेवता येत नाही. लग्नाच्या पंगतीत मी दोन घास खाऊन हात धुते, आणि आई आजवर त्याला नखरे म्हणते. जे माझ्याबद्दल घरात कुणाला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं, ते तिला एका कुत्र्याबद्दल पहिल्या सकाळी कळलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला कुत्र्याचा हेवा वाटला, आणि मग तिचा.

कुत्रा सांभाळण्यामागे माझं कारण होतं. एका वेबसाइटवर मी नाव घातलं होतं. तिथे लोक आपली घरं टाकतात. गावाला जाताना घर आणि घरातली कुत्री-मांजरं बघायला त्यांना कुणीतरी हवं असतं. आपण अर्ज करायचा. त्यांना पसंत पडलो तर त्यांच्या घरात जाऊन राहायचं, जनावरांना खायला घालायचं, झाडांना पाणी द्यायचं. पैशांची देवघेव नाही. अर्जासोबत कुणाच्या तरी पाळीव जनावराची काळजी घेतल्याचं एक शिफारसपत्र असलं तर अर्जाला वजन येतं. ते मला काकूंकडून हवं होतं.

मला कुत्र्यांची फार आवड होती असं नाही. मला ते घर हवं होतं, कुठलंही, ज्यात मला हाक मारणारं कुणी नसेल. मी घरूनच काम करते. एका टॉवेलच्या कारखान्यासाठी टॉवेलांची इंग्रजी वर्णनं लिहिते. मऊ कसा आहे, पाणी किती शोषतो, रंग कसा टिकतो. घरून करत असल्यामुळे ते काम आहे असं घरात कुणाला वाटत नाही. दर वाक्यामागे एक हाक असते. दूध बघ. बेल वाजली बघ. आणि आता खोलीत दुसरी खाट आली होती, त्या खाटेवर दिवसभर की-बोर्डचा सराव चालायचा. ती इंग्रजी सफाईनं टाइप करायची आणि मग विचारायची, “ताई, हे काय टाइप केलंय गं मी?”

अर्जांचं मी घरात सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “स्वतःच्या घरात कधी केर काढला नाहीस, आणि लोकांची घरं सांभाळायला निघालीस?”

बाबांनी पेपर खाली ठेवला. “एकटीला नाही. दोघी जाणार असाल तर बघू.”

“दोघी म्हणजे?”

“ही आहे की. हिला घेऊन जा.”

“मी तर जाते बाई,” ती लगेच म्हणाली. “कुत्र्याचं काय, मी बघते.”

मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं घरात होकार धरतात.

त्याआधी दोन महिने मी एकटीच अर्ज करत होते. बंगळूरची दोन मांजरं, नाशिकचा एक बंगला, गोव्याचं एक घर ज्याच्या अंगणात कोंबड्याही होत्या. अर्ज पाठवला की त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘पाठवला’ असं दिसतं. घरमालकानं उघडला की त्याचं ‘पाहिला’ होतं. त्यापुढे एकतर उत्तर येतं किंवा काहीच येत नाही. ‘पाहिला’ हा शब्द मी किती वेळा बघितला असेल. घरमालक माझा अर्ज एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचत असतील, माझ्या फोटोशी थांबत असतील असं मला वाटायचं. फोटोत मी भिंतीला टेकून उभी आहे. हातात जनावर नाही, कारण तो काढला तेव्हा जनावर नव्हतं.

ज्यांना घरं मिळत त्यांचे फोटोही तिथे दिसतात. मी ते बघू नये असं ठरवायचे आणि बघायचे. माझ्याच वयाची एक मुलगी होती. समुद्रकिनारा, केस उडालेले, दोन कुत्रे तिच्यावर चढलेले, आणि ती इतकी हसतेय की डोळे मिटलेत. त्या फोटोखाली दहा-बारा घरमालकांनी लिहिलं होतं, पुन्हा ये, केव्हाही ये. ‘केव्हाही ये’ असं मला आजवर कुणी म्हटलंय का, हे मी आठवून बघितलं. टॉवेलचं वर्णन अर्धं तसंच राहिलं.

मग ते पुण्याचं घर आलं. एक वयस्क बाई तीन आठवडे मुलीकडे परदेशी जाणार होत्या. घरात एक तेरा वर्षांचा कुत्रा. फोटो चार होते आणि मी फक्त एकच बघत बसायचे. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीला लागून टेबल, टेबलापाशी एक खुर्ची. खिडकीत एका झाडाची फांदी आलेली. मी त्या खुर्चीत इतक्या वेळा जाऊन बसले होते, की टेबलाचा खण कुठल्या बाजूला अडकत असेल हेसुद्धा मी ठरवलं होतं.

माझा अर्ज मी तीन दिवस लिहिला. शाळेत अर्ज शिकवले होते तसाच. रिस्पेक्टेड मॅडमपासून सुरुवात, चार परिच्छेद, शेवटी थँकिंग यू. मी जबाबदार आहे, मी शांत आहे, मी वेळ पाळते, स्वच्छतेची मला सवय आहे. एकही चूक नव्हती. आज वाचला तर तो मला टॉवेलच्या वर्णनासारखा वाटतो.

आणि बाबांना दाखवायला म्हणून मी तिचाही अर्ज केला, त्याच घरासाठी, पण वेगळा. दोघींचा एकच अर्ज करायची सोय होती. मी ती वापरली नाही. माझा हिशेब असा होता, की तिला कुणी निवडणार नाही, मला निवडतील, आणि एकदा ठरलं की बाबांना म्हणता येईल, तिचं झालं नाही, आता त्या बाईंना नाही कसं म्हणायचं. तिच्या फोनमध्ये जागा नव्हती, तो शेळ्यांच्या व्हिडिओंनी भरला होता. म्हणून तिचं खातं मी माझ्याच फोनवर काढलं.

“तुला कुत्र्यांचा अनुभव किती वर्षांचा?” मी विचारलं आणि इंग्रजीत टाइप करायला बोटं तयार ठेवली.

“म्हंजी? कुत्री हायत की घरात. जन्मल्यापासनं.”

मी लिहिलं, बावीस वर्षांचा.

“म्हाताऱ्या कुत्र्याचं कधी केलं आहेस?”

“व्हय की. आमचं पांढरं कुत्रं शेवटाला आंधळं झालतं. लई भ्यायचं. कोण आलं, कोण गेलं, काय कळायचं न्हाय त्याला. मग मी आईचं जुनं पैंजण घालून हिंडायची घरात. वाजलं की त्याला कळायचं मी कुटं हाय. आण्णा वरडायचे, लगीन निघालंय का तुजं म्हणून.” ती मामांना आण्णा म्हणते. “त्याला झोपेतनं उठवायचं न्हाय. जवळ जाऊन बसायचं. आपला वास लागला की उठतंय.”

“अजून?”

“अजून काय? ते मेलं त्या दिवशी काढलं पैंजण. आता टाक तू तुझ्या इंग्लिशमदी.”

पैंजणाचं वाक्य लिहिताना मी अडखळले. ते पोरकट वाटत होतं. अर्जात असं कुणी लिहितं का? पुण्याची शिकली-सवरलेली बाई हे वाचून हसेल, असं मला वाटलं, आणि म्हणूनच मी ते लिहिलं. पहिल्याच परिच्छेदात. इंग्रजीत, पण एकही गोष्ट न गाळता, आण्णांच्या ओरडण्यासकट. काकूंनी दिलेलं शिफारसपत्र दोघींच्या नावाचं होतं. ते दोन्ही अर्जांना जोडलं. शेवटी थँकिंग यूसुद्धा घातलं नाही.

दोन्ही अर्ज एकाच संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी दोन्हीखाली ‘पाहिला’ आलं.

त्यानंतरचा आठवडा मी फोन उलटा ठेवून काढला. उलटा ठेवला की दर दोन मिनिटांनी सुलटा करता येतो. ती टायपिंगच्या क्लासवरून आली की दारातूनच विचारायची, “ताई, तुझं आलं का गं?” स्वतःचं एकदाही विचारलं नाही. आपणही अर्ज केलाय हे ती विसरली असावी. मला याचाही राग यायचा. मी ज्याच्यासाठी जेवण विसरत होते, ते ती सहज विसरू शकत होती.

याच दिवसांत काकूंचं ते वाक्य जिन्यात ऐकलं. त्यानंतर मी वही कपाटात टाकली. काकूंचा कुत्रा गेटपाशी दिसला की तिच्या अंगावर उड्या मारायचा, मला बघून शेपूट दोनदा हलवायचा, सभ्यपणे, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. वर त्या घराचा छोटा फोटो होता. मी दार लोटलं, खाटेवर बसले आणि मग उघडलं. वर नाव तिचं होतं.

बाईंनी लिहिलं होतं, की अर्ज दोनदा वाचला आणि मग मुलीला फोनवर वाचून दाखवला. त्यांच्या कुत्र्यालाही सहा महिन्यांपासून नीट दिसत नाही, तोही भितो, आणि त्यावर काय करावं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आल्यास पैंजण घेऊन याल का? शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत या नंबरवर फोन करा. नाहीतर मला दुसऱ्या कुणाला विचारावं लागेल.

मी माझा अर्ज उघडून बघितला. ‘पाहिला.’ बस.

दुसऱ्या कुणाला, हे मी पुन्हा वाचलं. दुसरं कुणी म्हणजे कोण? मीही असू शकत होते. चूक नसलेला अर्ज, तोही त्यांच्यासमोरच पडलेला. मला काहीही करावं लागणार नव्हतं. उत्तर खोडायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि ते मला येतं.

संध्याकाळी ती आली. “ताई, तुझं आलं का गं?”

“नाही.”

हे खरं होतं. माझं आलं नव्हतं.

शुक्रवारी तिनं माझ्या केसांना तेल लावून दिलं, न विचारता. “लई गळायलेत, काळजी करून करून,” म्हणाली. मी डोकं खाली घालून बसले. तिची बोटं चांगली चालतात, त्याचाही मला राग आला. रात्रभर त्या बाईंच्या फोनवर काय दिसत असेल हे मनात येत राहिलं. मी संदेश उघडला होता, म्हणजे तिकडेही ‘पाहिला’ आलं असणार. बाई तो शब्द बघत असतील. वाट बघायला लावणारी आता मी होते. त्यात मला वाटलं होतं तसं सुख नव्हतं, पण थोडं होतं. ते लपवून उपयोग नाही.

शनिवारी आमच्याकडे पाणी आलं. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि आलं की सगळी बिल्डिंग कामाला लागते. टाकीत मोटार चढवते, पण प्यायचं पाणी आई खालच्या नळाचंच भरते. आई नळापाशी, आम्ही दोघी जिन्यात. ती दोन कळश्या घेऊन चढायची, मी एक. तिसऱ्या खेपेला जिन्याच्या त्या वळणावर ती थांबली, कळश्या कठड्याशी टेकवल्या आणि हात झटकले. मीही माझी कळशी ठेवली. खालून काकूंचा आवाज आला, “अहो, पोरीला एवढं उचलायला लावू नका!” पोरगी म्हणजे ती. माझ्याही पायाशी कळशी होतीच.

फोन माझ्या खिशात होता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“ताई,” ती म्हणाली, “आण्णांना फोन केलता मी काल.”

“कशाला?”

“पुण्याचं विचारलं. तुझं झालं तर मी जाऊ का म्हणून. ते म्हणले, जा. पयल्यांदा न्हाय म्हणले, मग मी रडले जरा.” ती हसली. “खोटंच गं. लगीच विरघळतेत ते.”

मी खिशातला फोन चाचपला.

“मी सगळं ठरवलंय. तू वर त्या टेबलापाशी बसायचं. ते फोटोतलं, तू सारखं बघतीस ते. मी खाली कुत्र्यापाशी झोपते. बेल वाजली, दूध आलं, सगळं मी बघते. तुला कुणी हाक मारणार न्हाय. मीबी न्हाय मारणार. जेवायला तेवढं मारीन.”

मी तिला त्या टेबलाबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. हाका मला आवडत नाहीत हेही कुणाला सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे पाठ करून कळश्यांचे काठ पुसत होती. कुत्रा जेवताना बसली होती तशी, माझ्याकडे न बघता.

खालून आईनं हाक मारली, “पाणी जाईल गं, कुठे अडकलात?”

“आलो आत्या!” ती ओरडली, आणि कळश्यांना हात घातला.

मी खिशातून फोन काढला. बाईंचा संदेश उघडला आणि तो तिच्या ओल्या हातात दिला. ती इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत वाचायला लागली. पैंजण हा शब्द बाईंनी इंग्रजी लिपीत लिहिला होता. तिथे तिचं बोट थांबलं. मग वरचं नाव तिनं वाचलं. मग खालची तारीख.

“हे तर माझंय.”

“हो. तुला बोलावलंय त्यांनी. पाचच्या आत फोन करायचाय. खाली नंबर आहे.”

“पण हे गुरुवारचं हाय, ताई.”

“हो.”

ती आता माझ्याकडे बघत होती. खाली नळाची धार बारीक झाल्याचा आवाज येत होता. आई पुन्हा हाक मारणार हे मला माहीत होतं, आणि त्याआधीच बोलायला हवं होतं.

“मग सांगितलं का न्हाईस?”

जिन्यात माझा आवाज इतका मोठा येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, “कारण ते मला पाहिजे होतं. तुझं सगळंच मला पाहिजे असतं.”